करुण गेला, आता विदर्भाचं काय?

(भागाचं लिखित रूप. रेकॉर्डिंग २४ ऑगस्ट २०२५, वर्धा. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत. बाकी जसं बोललो तसंच.)

पोळा होऊन दोन दिवस झाले, मी अजून वर्ध्यातच आहे, लॅपटॉप घेऊन घरूनच काम सुरू आहे. आणि वर्ध्यात असलो की संध्याकाळी आर्वी नाक्यावर चहा होतो, आणि चहा झाला की वाद होतो. यावेळी विषय एकच: करुण नायर परत कर्नाटकात गेला, आता विदर्भाच्या टीमचं काय होणार?

आमच्या टोळक्यात मतं तीन. हिंगणघाटचा एक मित्र आहे, त्याचं म्हणणं, "खतम झाली टीम. आता दहा वर्षं पाहाच लागते." दुसरा आहे आर्वीचा, कपाशीच्या बियाण्याचं दुकान आहे त्याचं. तो म्हणतो, "का बे, तीन डाव रणजी जिंकली, एक माणूस गेला त कोणतं आभाळ पडून रायलं?" आणि तिसरा म्हणतो की रणजी-बिणजी सोडा, नागपूरची आयपीएल टीम येत नाही तोवर आपल्याला कोणी विचारत नाही. मी आज या तिघांचंही घेऊन बसणार आहे. मला स्कोअरकार्ड काढून एक्सेल शीटमध्ये भरायची सवय आहे, नोकरीचाच रोग म्हणा. तर आकडे घेऊन आलोय, पण आकड्यांपाशी थांबणार नाही.

आधी एक साधी गोष्ट सांगतो, कारण पुण्या-मुंबईकडचे श्रोते आपल्याकडे बरेच आहेत. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स. प्रो कबड्डीत यू मुम्बा आणि पुणेरी पलटण. फुटबॉलमध्ये मुंबई सिटी. विदर्भाच्या नावाने, देशभर खेळणारी, खेळाडूंना पैसे देणारी, टीव्हीवर दिसणारी टीम बघायला गेलात तर ही क्रिकेटची टीमच समोर येते. आणि ती जुनी आहे बरं. १९५० पर्यंत आपला भाग रणजीत 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' म्हणून खेळायचा. 'विदर्भ' या नावाने टीम उतरली १९५७-५८ च्या हंगामात. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. म्हणजे आपली टीम राज्यापेक्षा जुनी. वेगळ्या विदर्भावर तुमचं मत काहीही असो, राज्य नाही पण टीम आहे, एवढं खरं.

आता ही टीम साठ वर्षं काय करत होती? खरं सांगायचं तर हरत होती. मोठ्या टीमांना गुण मिळवायची जागा म्हणजे विदर्भ. आमच्या वडिलांच्या पिढीला वर्ध्यात विचारा, "तुमची टीम कोणती?" तर उत्तर मुंबई. गावसकर मुंबईचा, वेंगसरकर मुंबईचा, मग टीम मुंबई. त्यात त्यांची चूक नाही. आपल्याकडे बघायला होतंच काय?

मग आला २०१७-१८ चा हंगाम. कोच चंद्रकांत पंडित, कॅप्टन फैज फजल. कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकला पाच रननी हरवलं. पाच! त्या मॅचमध्ये रजनीश गुरबानीने १२ विकेट काढल्या. मग इंदूरला फायनल, समोर दिल्ली, गुरबानीची हॅट्ट्रिक, अक्षय वाडकरचे १३३, आणि १ जानेवारी २०१८ ला नऊ विकेटने चषक आपला. पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध ७८ रननी परत जिंकले. त्यात आदित्य सरवटेने ११ विकेट घेतल्या, आणि पुजारा दोन डावांत मिळून एक रन. २०२४ ला वानखेडेवर मुंबईसमोर ५३८ चं लक्ष्य, हरलो १६९ ने. पण पाचव्या दिवशी जेवणापर्यंत वाडकर आणि हर्ष दुबे यांनी मुंबईला विकेट दिली नव्हती, ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. आणि मार्च २०२५, केरळविरुद्ध जामठा, तिसरा चषक.

आता हिंगणघाटच्या मित्राकडे येऊ. "करुण गेला म्हणजे खतम."

त्याचं दुःख मला समजतं. करुण २०२३ मध्ये आपल्याकडे आला तेव्हा त्याला स्वतःच्या राज्याच्या टीममध्ये जागा उरली नव्हती. कसोटीत ३०३ नाबाद मारलेला माणूस! इथे आला आणि गेल्या हंगामात त्याने रणजीत ८६३ रन केले. विजय हजारे स्पर्धेत तर ७७९, पाच शतकं, सरासरी ३८९.५. ही सरासरी मी शीटमध्ये टाकली तेव्हा मला वाटलं माझा फॉर्म्युलाच चुकला. मग बघितलं तर बरोबर होती, तो आउटच दोनदा झाला होता. फायनलमध्ये ८६ आणि १३५. त्याच जोरावर आठ वर्षांनी परत भारताच्या कसोटी टीममध्ये गेला. आणि आता घरी गेला. यात रागवण्यासारखं काय आहे? पाहुणा होता, पानात वाढलं त्याहून जास्त ताटात टाकून गेला.

पण आता शीट बघा. त्याच हंगामात रणजीत देशात सगळ्यात जास्त रन कोणाचे? करुणचे नाही. यश राठोडचे, ९६०. दानिश मालेवार, पहिलाच हंगाम, ७८३. फायनलमध्ये २४ ला ३ अशी अवस्था होती तेव्हा या २१ वर्षांच्या पोराने करुणसोबत २१५ ची भागीदारी केली आणि स्वतः १५३ काढले. हर्ष दुबे, ६९ विकेट. रणजीच्या एका हंगामात इतक्या विकेट आजवर कोणीच घेतल्या नव्हत्या. कॅप्टन वाडकर, तोही इथलाच. फायनलच्या अकरामध्ये बाहेरून आलेले दोन: करुण आणि ध्रुव शोरी. बोर्डाच्या नियमाने तीनपर्यंत बाहेरचे घेता येतात. म्हणजे आपण तेवढेही वापरले नाहीत.

आणि हे नवीन नाही. पहिल्या दोन चषकांच्या वेळी वसीम जाफर होता, गणेश सतीश होता. जाफरने तर २०१८-१९ ला वयाच्या चाळिशीत हजारावर रन केले. लोक तेव्हाही म्हणायचे, "भाड्याने माणसं आणून जिंकले." अरे बाबा, भाड्याचा बैल आणला तरी वावर तुमचंच असते ना! नांगर धरायला माणूसही घरचाच लागतो. जाफर बाजूला उभा राहून पोरांना शिकवत होता, ती पोरं नंतर त्याच्याशिवाय जिंकली. माझ्या मते बाहेरच्या खेळाडूचा हिशोब असा करावा: तो गेल्यावर टीम किती खाली येते? जाफर गेल्यावर मधली चार-पाच वर्षं चषक नव्हता, हे मान्य. पण टीम पूर्वीसारखी तळालाही गेली नाही.

बरं, मग आर्वीवाला बरोबर का? पूर्ण नाही.

कारण माणसं येतात तशी जातात, आणि जाणारे नेहमी पाहुणे नसतात. २०१९ च्या फायनलचा हिरो आदित्य सरवटे आठवा. मार्च २०२५ च्या फायनलमध्येही तो होता, पण केरळच्या बाजूने. आपल्याच विरुद्ध पहिल्या डावात ७९ काढले. गुरबानी, ज्याच्या हॅट्ट्रिकवर आपण नाचलो, तो गेल्या हंगामात महाराष्ट्राकडून खेळला. हे घरचे होते. आणि दुसरी गळती यशाची असते. चांगला खेळला की वरून बोलावणं येतं. हर्ष दुबेला हैदराबादने आयपीएलमध्ये घेतलं. येत्या गुरुवारी दुलीप सुरू होतेय, मध्य विभागात दानिश, राठोड, हर्ष सगळे आहेत. अमरावतीचा जितेश शर्मा बंगळूरूकडून आयपीएल जिंकून आला आणि मंगळवारी आशिया चषकाच्या टीममध्ये त्याचं नाव आलं. आपली छाती फुगते, फुगायलाच पाहिजे. पण उद्या हे सगळे भारत 'अ' आणि भारताकडून खेळायला गेले की नोव्हेंबरच्या थंडीत रणजी कोण खेळणार? मुंबईने हे वर्षानुवर्षं भोगलंय आणि तरी ४२ वेळा जिंकली, कारण मागे रांग आहे. आपल्या मागे रांग आहे का? खरा प्रश्न हा आहे. करुणचा नाही.

फिरकीची रांग आहे. वेगवान गोलंदाजीची मला थोडी काळजी वाटते. उमेश यादव ऑक्टोबरमध्ये ३८ चा होईल. यश ठाकूर, नचिकेत भुते आणि आपला दर्शन नळकांडे हेच आता ओढणार.

'आपला' म्हटलं, कारण दर्शनचा जन्म वर्ध्याचा. आणि इथे वर्ध्याच्या श्रोत्यांनी जरा कान इकडे द्या. नोव्हेंबर २०२१, मुश्ताक अली स्पर्धेची सेमीफायनल, समोर कर्नाटक, शेवटची ओव्हर, चार चेंडूंत चार विकेट. मॅच आपण चार रननी हरलो म्हणून लोक विसरले. आता केरळच्या फायनलचा शेवटचा दिवस घ्या. पहिल्या डावात आपले ३७९, केरळचे ३४२. नियम असा की बाद फेरीत मॅच अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो जिंकला. म्हणजे आपल्याला फक्त दिवसभर उभं राहायचं होतं. केरळचा सचिन बेबी पहिल्या डावात ९८ वर आउट झाला होता, त्या ३७ रनच्या फरकावर सगळं अडलेलं. आपण बॅटिंग करत राहिलो, करत राहिलो, ३७५ ला ९. आणि ज्याची फिफ्टी झाल्यावर सगळ्यांनी हात मिळवले आणि चषक विदर्भाचा झाला, तो क्रीजवर उभा असलेला माणूस दर्शन नळकांडे, ५१ नाबाद. पहिल्या डावात तीन विकेटही त्याच्याच.

मी नाक्यावर विचारलं, हे किती जणांना माहीत आहे? सात जणांपैकी दोघांना. पण जितेशने लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत ८५ मारले, ते सातही जणांना पाठ.

म्हणून तिसऱ्या मित्राचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. आयपीएल टीम पाहिजे. त्याचं लॉजिक सरळ आहे: नाव घराघरात पोचतं ते आयपीएलने. आपल्याकडे ४५ हजार लोकांचं स्टेडियम २००८ पासून उभं आहे. २०१० मध्ये डेक्कन चार्जर्सने काही मॅच इथे खेळल्या. २०१६ मध्ये पंजाबच्या काही मॅच ठरल्या होत्या, पण दुष्काळात मैदानांवर पाणी नको म्हणून हायकोर्टाने मे महिन्यातल्या मॅच राज्याबाहेर न्यायला सांगितल्या. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण त्या उन्हाळ्यात आपल्याकडच्या गावांत टँकरची वाट बघणारी माणसं होती, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं.

पण जरा पैशाचं बघा. २०२१ ला दोन नव्या टीम विकल्या. लखनौ ७०९० कोटी, अहमदाबाद ५६२५ कोटी. त्या पैशात जे येतं ते शहराचं नाव आणि जर्सीचा रंग. नागपूरची टीम आली तरी तिच्यात विदर्भाची पोरं किती असतील हे लिलावात ठरणार. मी विरोधात नाही, आली तर पहिल्या दिवशी तिकीट काढीन. पण ती आपली टीम असेल का, तर ती नागपुरात मुक्कामाला असलेली टीम असेल. त्या मानाने यावर्षी जूनमध्ये विदर्भ प्रो टी-२० लीग झाली, पुरुषांच्या सहा टीम, बायकांच्या तीन, ती मला जास्त कामाची वाटते. कारण तिथे खेळणारी पोरंपोरी इथलीच. फक्त एक म्हणणं आहे माझं, त्यात 'नागपूर' नावाच्या दोन टीम आहेत. जिल्ह्यांच्या नावाने टीम करा ना! वर्धा विरुद्ध यवतमाळ ठेवा, मग बघा नाक्यावर कसा वाद होतो ते.

आता हे सगळं मी का बोलतोय, ते सांगतो. माझ्या मावसभावाचा धाकटा, सोळा वर्षांचा, पुलगावकडे असतो. डावखुरा फिरकी गोलंदाज आहे. चांगला टाकतो, म्हणजे घरचा म्हणून नाही, मी स्वतः नेटमध्ये खेळून पाहिलं, मला तीन ओव्हरमध्ये पाच वेळा चकवलं. त्याला नागपूरला क्लबमध्ये टाकायचं की अकरावी सायन्स करून नीटच्या क्लासला टाकायचं, यावर घरात महिनाभर रण माजलंय. मावसभाऊ शेती करतो, कापूस आणि तूर. नागपूरची खोली, खानावळ, किट, सगळं धरून वर्षाचा खर्च त्याच्या छातीत धडकी भरवतो. आणि मी पडलो घरातला इंजिनिअर, म्हणून मला विचारलं, "तू आकडेवाला आहेस, सांग, चान्स किती?"

मी त्याला जे खरं आहे ते सांगितलं. विदर्भात जिल्हे ११. रणजीचा चमू पंधरा-सोळाचा. त्यातही डावखुऱ्या फिरकीची रांग देशात बहुधा आपल्याकडेच सगळ्यात लांब असेल: हर्ष दुबे २३ वर्षांचा, पार्थ रेखडे फायनल खेळलेला, आणि अक्षय कर्णेवार तर दोन्ही हातांनी टाकतो, त्याने २०२१ ला मणिपूरविरुद्ध चार ओव्हर टाकून शून्य रन दिले होते. म्हणजे पोराच्या पुढे उभी असलेली माणसं अजून आठ-दहा वर्षं हलणार नाहीत. पण दुसरी बाजूही सांगितली. रणजी खेळणाऱ्या नव्या खेळाडूला अकरात असेल तर दिवसाचे ४० हजार मिळतात. चार दिवसांची मॅच, साखळीत सात मॅच, हिशोब करा, ११ लाख २० हजार. १९ वर्षांखालच्या पोरालाही दिवसाचे २० हजार. माझ्या पहिल्या नोकरीचं वर्षाचं पॅकेज यापेक्षा बरंच कमी होतं. मावसभाऊ हे ऐकून गप्पच झाला. त्याला क्रिकेट म्हणजे अजूनही पोरखेळच वाटत होता.

मग मी म्हटलं, भाऊ, चान्स किती हे मला नाही सांगता येणार, पण मुदत ठरवता येईल. दोन हंगाम दे. अकरावी-बारावी सोडू नको, पण क्लासची फी बाजूला ठेव. दोन हंगामांत तो विदर्भाच्या वयोगटाच्या निवड चाचणीत शेवटच्या यादीपर्यंत पोचला तर पुढे. नाही पोचला तर परत अभ्यास, आणि घरात कोणी त्याला टोमणा मारायचा नाही. पोरगा कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्याने एकच विचारलं, "काका, मी बॅटिंगवर मेहनत केली तर रांग कमी होते का?" हा प्रश्न माझ्या शीटपेक्षा हुशार होता. कारण हर्ष दुबेनेही वानखेडेवर ६५ काढलेच होते ना, आणि दर्शनची फिफ्टी तर आत्ताच सांगितली. अजून निर्णय झालेला नाही. वहिनी नाराज आहेत, आजी पोराच्या बाजूने आहे.

तर टीमचं भवितव्य मला असं दिसतं. येत्या हंगामात साखळीतून वर येण्याइतकी ताकद आहे. गेल्या वर्षी साखळीत सातपैकी सहा मॅच जिंकल्या होत्या, तेवढं या वर्षी होईल असं मी म्हणत नाही. करुणचे रन एका माणसाकडून नाही, तिघांकडून जमवावे लागतील. चषकाचं मी काही सांगत नाही, ते वरच्या बोलावण्यांवर आणि उमेशच्या जागी कोण येतो त्यावर आहे. पण पाच वर्षांनंतरचं विचाराल तर ते जामठ्याला ठरणार नाही. ते पुलगाव, आर्वी, समुद्रपूरला ठरेल. शंभर किलोमीटरवरचं पोरगं नागपूरला खोली न घेता कितव्या वर्षापर्यंत खेळू शकतं, तिथे ठरेल. चांगल्या विकेटवर सराव आणि निवड चाचणी जिल्ह्यात आली, तर रांग लांब होईल. नाही आली, तर आपण पुढचा करुण शोधत बसू.

आणि आपल्या हातात काय आहे? जाऊन बघणं. एक गंमत तुमच्या लक्षात आणून देतो. जामठा स्टेडियम नागपुरात नाहीच, ते शहराबाहेर वर्धा रोडवर आहे! पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी, की आलंच. नागपूरच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचीही गरज नाही. १ ऑक्टोबरपासून तिथेच इराणी चषक आहे, विदर्भ विरुद्ध शेष भारत. आम्ही नाक्यावरचे पाच जण जाणार आहोत, हिंगणघाटवाला "खतम टीम" म्हणत म्हणत गाडी त्याचीच काढतोय. एक जागा रिकामी आहे, ती पुलगावच्या पोरासाठी ठेवली आहे. हर्ष दुबे टाकत असेल तेव्हा त्याने फक्त हाताकडे बघायचं, मोबाइल काढायचा नाही, एवढीच अट.

तुमच्या गावात असं कोणी पोरगं-पोरगी असेल तर मला कळवा. पुढच्या भागात वर्ध्याहून नागपूरला रोज रेल्वेने जाऊन खेळता येतं का, याचा वेळेचा आणि पैशाचा हिशोब मांडणार आहे. तोवर, राम राम.